मळसिद्धाची काठी आणि गुरुजींची तार

"काठी कुटनं न्यायची, तेवडं सांगा," वीरभद्रप्पांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

निवृत्त मास्तर यज्ञेश्वर गुरुजी तेव्हा सत्काराची शाल घडी करून कपाटात ठेवत होते. बेळवाडगीच्या रेल्वेवर विजेची तार आली ती आपल्या अर्जांमुळे, हे त्यांनी गावाला वर्षानुवर्षं इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेवटी गावानं कंटाळून त्यांचा सत्कार करून टाकला. होटगीहून फुटलेला हा फाटा म्हणजे सकाळी एक पॅसेंजर, संध्याकाळी तीच परत, आणि मधल्या वेळात रुळांवर शेळ्या. "वीज येऊ द्या, गाड्यांची रांग लागेल!" असं गुरुजी छातीठोकपणे सांगत. वीज आली. गाडी एकच राहिली, आणि तीसुद्धा डिझेलवरच धावत होती. विजेचं इंजिन या लाइनीला कोण देतो!

"कोणती काठी?" गुरुजींनी विचारलं.

"कोणती म्हून काय इचारताय? मळसिद्धाची! तार आडवी आली की मधी."

गुरुजी मटकन खाटेवर बसले. दुमजली घराहून उंच अशी ती मळसिद्धाची काठी दर वर्षी जत्रेत रुळांपलीकडे बहिणीच्या, म्हणजे गिरजम्माच्या देवळाला जाते, आणि जाते ती उभीच. एकदा उचलली की बहिणीच्या दारापर्यंत आडवी करायची नाही. केली तर देवाचा कोप. कमरेला पट्टा बांधून ती तोलत न्यायचा मान वीरभद्रप्पांच्या घराण्याचा. चाळीस वर्षं त्यांनी ती नेली. आता पाठ गेली होती, डॉक्टरांनी दम भरला होता, आणि पुण्यातल्या मुलाची पट्ट्याचं नाव काढताच कंबर धरत होती.

"यंदाची शेवटची खेप हाय माजी, गुरुजी. नीट पार पडली की मी मोकळा. आन् तुमी तार बांदून ठिवली."

"मी बांधली?"

"मंग सत्कार कशाचा घेतला?"

दोघं एका पाटीवर शिकलेले, रोज संध्याकाळचा चहा एकत्र घेणारे. गुरुजी छाती काढून म्हणाले, "अहो, घटकाभर वीज बंद करायची, एवढंच ना? रेल्वेत माझा शब्द चालतो. काठी उभीच जाईल!"

"बघू," आतून गुरुजींच्या पत्नी प्रभाताई म्हणाल्या. "घोडामैदान जवळच आहे."

दुसऱ्या दिवशी गुरुजी सोलापूरच्या कचेरीत हजर. समोर देवयानी मॅडम, तरुण इंजिनिअर. बिचाऱ्या फार आदरानं बोलत होत्या.

"जत्रेसाठी वीज बंद करता येते, सर. पण तेवढा वेळ गाडीही थांबवावी लागते, म्हणून वर्दळीच्या लाइनीवर नाही. तुमच्याकडे प्रवासी किती?"

आता काय सांगावं! इतक्या वर्षांची जिभेची सवय. विचार करायच्या आधीच गुरुजींच्या तोंडून गेलं, "हजारो!"

"मग कठीण आहे."

"म्हणजे... हजारो येतील. पुढंमागं."

"आत्ता किती आहेत?"

"शेकडो म्हणा."

"शेकडो असतील तरी नाही जमणार, सर."

"मग धरा पाच-पन्नास."

"धरू कशाला? खरे किती ते सांगा ना."

गुरुजींनी घाम पुसला. बाजारात शेवटची मेथीची जुडी विकतात तसा भाव खाली खाली येत होता, आणि विकली जात होती ती त्यांची आयुष्यभराची बढाई. पण डोळ्यांपुढे वीरभद्रप्पा उभे होते.

"तसं बघायला गेलं तर," ते पुटपुटले, "गाडी रिकामीच धावते."

"एकही प्रवासी नाही?"

गुरुजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नकारार्थी मान हलवली.

"मला वरती हेच कळवावं लागेल हं, सर."

"कळवा," गुरुजी म्हणाले. परवानगी मिळाली. कचेरीच्या पायऱ्या उतरताना मात्र त्यांना पोटच्या पोरीविरुद्ध साक्ष देऊन आल्यासारखं वाटत होतं.

जत्रेचा दिवस उजाडला. हलग्या कडाडल्या, भंडारा उधळला, आणि वीरभद्रप्पांनी काठी पट्ट्यात घेतली. फाटकाअलीकडची, उंच गाड्या अडवणारी लोखंडी कमान लोकांनी शेतातून वळसा घालून चुकवली. श्रीमंत नावाचा फाटकवाला फोन कानाला लावून उभा होता. त्यानं हात वर केला.

"वीज बंद झाली हो! चला!"

"मळसिद्धाच्या नावानं चांगभलं!" सारा गाव ओरडला. गुरुजींची मान ताठ झाली. वीरभद्रप्पा पुढं निघाले, रुळांशी आले आणि थबकले. त्यांनी वर पाहिलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "वीज गेली. पर तार हाय की!"

हलग्या थांबल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. वीज बंद केली म्हणून तार कुठं जाणार होती? ती आपली जागच्या जागी, काठीच्या पार मध्यावर आडवी. गुरुजींना हे सुचलं नाही, मॅडमना सुचलं नाही, अख्ख्या गावात एकाच्याही टाळक्यात आलं नाही! जो तो विजेलाच भीत होता.

"तार तोडा!" कुणीतरी ओरडलं.

"तोडा, आन् मला धाडा तुरुंगात!" श्रीमंत किंचाळला. "आटपा लवकर! टाइम संपला की वीज सोडत्यात!"

"मागं फिरवा काठी!"

"भेट झाल्याबिगर मागं फिरती व्हय कदी?"

पुढं जाता येईना, मागं येता येईना. वीरभद्रप्पांच्या पट्ट्यातली काठी डुलायला लागली. चेहरा घामानं निथळत होता. गुरुजींकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि गुरुजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आडवी घ्या काठी," वीरभद्रप्पा अखेर म्हणाले. "कोप व्हईल तो माज्या एकट्याच्या डोक्यावर."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काठी आडवी झाली, चार जणांच्या खांद्यावरून मुकाट्यानं तारेखालून गेली. वीरभद्रप्पा गुरुजींशी बोलेनासे झाले.

मग गाव कोपाची वाट बघू लागला. पाऊस वेळेवर आला. तूर कमरेला लागली. गुरंढोरं धडधाकट राहिली. सोजरबाईची हरवलेली म्हैस मंद्रूपच्या बाजारात सापडली, तीही गाभण! आणि वजन उचलायचं थांबल्यामुळे खुद्द वीरभद्रप्पांची पाठसुद्धा बरी झाली.

त्या पाठीनंच माणूस खचला. जेवण तुटलं. देवळाच्या कट्ट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायचे, "कायच झालं न्हाय. मंग चाळीस वरसं मी कुनाच्या भ्यानं कंबर मोडून घेतली?"

"काहीतरी वाईट होऊ दे हो गावाचं," गुरुजी देवापुढं हात जोडून म्हणायला लागले. "फार नको. जरासं."

"वेड लागलंय तुम्हाला," प्रभाताई म्हणाल्या. पण त्यांनाही वीरभद्रप्पांकडे बघवत नव्हतं.

आणि एका सकाळी स्टेशनवर कागद लागला. प्रवासी नसल्यामुळे पॅसेंजर गाडी कायमची बंद. नवेकोरे खांब झोकात उभे होते, तारेत वीज खेळत होती, आणि खालून जाणारं आता काही म्हणता काही नव्हतं. आपणच कचेरीत जाऊन हे ओढवून आणलं, हे गुरुजींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकावर बसून ते लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून तडक देवळाकडे गेले.

"वीरभद्रप्पा, कोप झाला."

इतक्या महिन्यांत वीरभद्रप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. "कुटं?"

"गाडी बंद झाली आपली."

"कायमची?"

"कायमची."

"अय्यय्यो!" वीरभद्रप्पा ताडकन उठले. तोंडावर उजेड पडला. "म्हंजे देव जागा हाय म्हना की! मला वाटलं, उगीच दगडाला भ्यालो जलमभर. अरं, चा आना गुरुजींना!"

चहा आला. वीरभद्रप्पांनी बशीतून एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पुन्हा उतरला.

"पर गुरुजी, त्या गाडीत बसत कोन हुतं? कोप झाला तो कुनावर झाला म्हनायचा?"

गुरुजींनी कप खाली ठेवला.

"मी बसायचो."

"तुमी तर रेल्वेच्या अर्जांच्या कामाला जात हुता की."

"कसलं काम आलंय! होटगीला उतरायचं, चहा प्यायचा, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी परत यायचं. रोज. निदान एक तरी तिकीट खपावं म्हणून."

वीरभद्रप्पांनी आपल्या बशीतला उरलेला चहा गुरुजींच्या कपात ओतला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मंग बराबर हाय, गुरुजी," ते समाधानानं म्हणाले. "मी माज्या डोक्यावर मागितला हुता, पर देवानं मानूस बराबर धरला."