पुढच्या सीटवरची बॅटरी

१४८ किलो

"वल्हं आता विसरा," डॉक्टर खांद्याच्या फोटोकडे बघत म्हणाले.

पस्तीस वर्षं ट्रकांची वजनं करून काटेवाला निवृत्त झाला होता. आयुष्यात आता फक्त रविवार उरला होता. त्या दिवशी दोघांच्या होडीतून नवराबायको तलावापलीकडे जात, डबा खात आणि परत येत. ती पुढे, तो मागे. ती बासष्ट किलो, तो शहाऐंशी.

"मी एकटी मारीन की वल्हं," बायको म्हणाली.

"मी काय सामान आहे?" म्हणत तो विजेवरची छोटी मोटर घेऊन आला.

१५९ किलो

मोटर अकरा. राहिली बॅटरी.

"ही लिथियमची, अकरा किलो. ही ॲसिडची, तीस," बॅटरीवाला म्हणाला. "होडीला अकरावालीच घ्या, काका."

काटेवाल्याने अकरावाली उचलली आणि तोंड वाकडं करून खाली ठेवली. जे हलकं ते पोकळ, हे त्याने उभा जन्म काट्यावर पाहिलं होतं.

"तीसवाली द्या."

"तिचा चार्ज अर्ध्याखाली उतरू द्यायचा नाही हं. लवकर मरते."

"मग दोन द्या. परतीला दुसरी."

२१९ किलो

होडीवर लिहिलं होतं: जास्तीत जास्त दोनशे.

"एकोणीस जास्त होतात," तो काठावर म्हणाला.

"माझ्याकडे काय बघताय? पाय घरी ठेवून येऊ?"

गाडी जास्त भरली की माल उतरवायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. बायको डब्यासकट उतरली. तलावाच्या रखवालदाराने दुसरी बॅटरी उचलून तिच्या सीटवर ठेवली, पट्ट्याने बांधली.

"जपून न्या तिला," बायको म्हणाली.

१५७ किलो

वारा समोरून होता. तलावाच्या मधोमध पहिली बॅटरी संपली. दुसरी समोरच, काठोकाठ भरलेली. वायर तिथवर पोचेना. उठावं तर होडी कलंडे, ओढावी तर खांदा. बराच वेळ तो आणि बॅटरी दोघं समोरासमोर नुसती बसून राहिली.

काठावरून हे सगळं दिसत होतं. शेवटी बायको रखवालदाराची होडी घेऊन आली, दोर बांधला आणि वल्हं मारू लागली.

"झेपेल का तुला? एकशे सत्तावन्न किलो आहे."

"तीस वर्षं ओढतेच आहे. तुमचं वल्हं पाण्याला लागायचं कुठे?"

तो दोराकडे बघत राहिला. म्हणजे खांदा गेल्याने होडीचं काहीच अडलेलं नव्हतं.

"कधी बोलली नाहीस."

"रविवारी तेवढे तुम्ही खुशीत असायचात."

काठ जवळ आला.

"पुढच्या रविवारी?" त्याने हळूच विचारलं.

"बॅटऱ्या घरी."

"आणि मी?"

तिने दहा-बारा वेळा वल्हं मारलं.

"वजन करून सांगते."