काशीताईंचा कॉम्प्युटर वाढला

दीपक गोताडला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, याबद्दल रत्नागिरीत निदान एका माणसाची तरी पक्की खात्री होती. तो माणूस म्हणजे दीपक गोताड!

तसा तो बंदराच्या रस्त्यावरच्या मच्छीमार सोसायटीत साधा क्लार्क. पण स्वभाव भारी चौकस. एखादी वस्तू बंद पडली की चारचौघांना वैताग येतो, दीपकला आनंद व्हायचा. का बंद पडली असेल? आत काय असेल? घरातला मिक्सर त्याने असाच एकदा उघडला. परत जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले. मिक्सर फिरतो, फक्त उलटा फिरतो, असं त्याची बायको दिशा येईल त्या पाहुण्याला सांगते. दीपकच्या मते ती सुधारणा आहे.

तर सोसायटीत नवा कॉम्प्युटर आला. तो बसला काशीताई भाटकरांच्या टेबलावर. काशीताईंनी पन्नाशीत क्लास लावला होता. लहान पोरांच्या शेजारी बाकावर बसून त्या टायपिंग शिकल्या होत्या. "माझी आई कॉम्प्युटरवर असते," असं त्यांची सानवी मुंबईत मैत्रिणींना सांगते, हे त्या स्वतः सगळ्या बंदराला सांगत.

नवी वस्तू आली म्हणजे पूजा आलीच. काशीताईंनी आपला पायाखालचा पाट पुसला, त्यावर तांदूळ ठेवले, कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं. त्या उंचीने बेताच्या. खुर्चीवर बसल्या की पाय लोंबकळायचे, म्हणून तो पाट एरवी टेबलाखाली असे.

"नारळ मी वाढवतो!" दीपक पुढे सरसावला. "एका फटक्यात दोन भकलं, बघाच!"

"बाहेर पायरीवर वाढव रे, इथं नको."

"काशीताई, मला शिकवताय?"

दीपकने टेबलाच्या लोखंडी पायावर नारळ आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली, हे खरं. पण हातात एकच आलं! दुसरं टण्‌कन उडालं आणि गडप झालं. कपाटाखाली पाहिलं, फायलींमागे पाहिलं, कचऱ्याच्या डब्यातही पाहिलं. कुठे म्हणून सापडेना.

"जागेच्या राखणदारानं नेलान," शिपाई भागोजीने निकाल दिला. "त्याचा मान त्यानं घेतलान. शोधू नको आता." मग त्याने पूजेचं सामान आवरलं, पाट पायाने टेबलाखाली सरकवला आणि राखणदारांनी शिल्लक ठेवलेलं खोबरं गुळाबरोबर सर्वांना वाटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. काशीताई बसल्या, पाय वर घेतले, बोट कीबोर्डवर ठेवलं, की कॉम्प्युटर बंद! त्या घाबरून उठल्या की बटण दाबल्यावर पुन्हा सुरू. दीपक बसला, कॉम्प्युटर चालू. भागोजी बसला, चालू. मॅनेजर कारंडेसाहेब स्वतः अर्धा तास बसून पत्ते खेळले, तरी चालूच! काशीताई बसल्या की पुन्हा काळोख.

कारंडेसाहेब घाटावरचे, सांगलीकडचे. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

"ताई, मशीनमध्ये दोष नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ते झेपत नाही, एवढंच. सोमवारपासून तुम्ही बर्फाच्या कोठीवर बसा. माशांच्या पाट्या मोजायच्या आणि लिहायच्या. इथे दुसरं कोणी बसवू."

साहेब गेल्यावर काशीताई पदराने कीबोर्ड पुसत राहिल्या.

"कोठीवर जायला ना नाय रे माझी," त्या हळूच म्हणाल्या. "पण सानवीला काय सांगू? आईला झेपलं नाय म्हणून?"

दीपकला ते ऐकवेना. त्यात साहेबांनी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं, तेही लागलं.

"काशीताई, आज संध्याकाळपर्यंत कारण शोधलं नाही, तर नाव बदलीन!"

"बघ बाबा. आणि जमलं तर ह्या पाटाचंपण बघ. हल्ली डुगडुगतो मेला."

"पाटाचं काय घेऊन बसलात! आधी मशीन!"

मग दीपकच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. मशीन तेच, वीज तीच, खुर्ची तीच. फरक फक्त माणसात. मग काशीताईंमध्ये असं काय आहे, जे दीपकमध्ये नाही? त्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. शेवटी नजर हातांवर स्थिरावली.

"बांगड्या!" तो ओरडला. "त्यांतून करंट जातो!"

"काचेच्या हायत रे. काचेतून करंट जातो?"

"तेच तर शोधायचंय! काढा बरं जरा."

"काय बोलतोस मेल्या! सवाशीण बाई मी, हात रिकामे करू?" काशीताईंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. मग त्यांनाच कीव आली. सानवीसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या त्यांच्या पिशवीत होत्या. "ह्या घाल. बघ तुझ्या हातात काय होतं ते."

दीपकने साबण लावून बांगड्या चढवायला घेतल्या. पहिलीच कडकन मोडली.

"फुटली!"

"फुटली म्हणू नये रे! वाढली म्हणावं."

"बरं, वाढली." बाकीच्या मनगटावर चढल्या. शंका राहू नये म्हणून त्याने काशीताईंची शालही खांद्यावरून घेतली, त्यांच्यासारखीच पोक काढली आणि खुर्चीत बसला. पाय मात्र लांब, ते जमिनीवर. कॉम्प्युटर झकास चालू राहिला. दीपकने प्रयोग म्हणून बांगड्या किणकिणवून पाहिल्या.

नेमके तेव्हाच कारंडेसाहेब दोन बोटमालकांना घेऊन दारात उभे!

"गोताड," साहेब म्हणाले, "आत या."

बांगड्या काही केल्या निघेनात. दीपक तसाच केबिनमध्ये गेला. मागून बोटमालकांचं हसणं ऐकू येत होतं. जाता जाता तो काशीताईंना एवढंच म्हणाला, "तोवर कंपनीला फोन लावा! काय होतंय ते नीट सांगा!"

इथेच चूक झाली. कारण काशीताई नीट सांगणाऱ्या होत्या, पण त्यांच्या पद्धतीने. ज्या वस्तूला आपण हळद-कुंकू वाहिलं, जिच्यावर आपली भाकरी, ती 'बंद पडली' असं त्यांच्या तोंडून मरेपर्यंत निघालं नसतं. आणि फोन त्या नेहमी स्पीकरवर लावत. केबिनच्या पातळ फळीतून दीपकला शब्द न्‌ शब्द ऐकू आला.

"हॅलो, काय प्रॉब्लेम आहे मॅडम?" कुणीतरी तरुण मुलगा होता, बोलणं पुण्याकडचं.

"आमचा कॉम्प्युटर वाढलाय हो!"

"वाढलाय? म्हणजे?"

"मी बसले की वाढतो. उठले की पुन्हा नीट होतो."

"मॅडम, कधीपासून वाढतोय?"

"नारळ वाढवला ना, तेव्हापासून!"

केबिनमध्ये दीपक उठला. "साहेब, मला जरा बाहेर..."

"मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही!" साहेब गरजले. "ऑफिसात बांगड्या? अरे, जनाची नाही तर..."

बाहेर मुलाचा आवाज चढला होता. "मॅडम, टेबलाखाली काळा डबा आहे ना, यूपीएस? तोपण वाढलाय का?"

"त्याच्यावरच तर सगळं चालतं. तोपण वाढतच असणार की!"

"बापरे! वास येतोय का कसला?"

काशीताईंनी नाक टेबलाखाली नेलं असावं. "येतो तर! खवट. आठ दिवस येतोय."

"साहेब, तो मुलगा समजतोय की..." दीपकने पुन्हा प्रयत्न केला.

"बसा खाली!"

"मॅडम, बॅटरी फुगलीय! कधीही स्फोट होईल! सगळे बाहेर पळा!"

'स्फोट' हा शब्द मात्र साहेबांनी बरोबर ऐकला. मघाशी "बसा खाली" म्हणणारा माणूस दीपकच्या आधी रस्त्यावर पोचला! मागोमाग बोटमालक, काशीताई, आणि भिंतीवरची गणपतीची तसबीर काखेत मारून निम्मा स्टाफ. समोरच्या कट्ट्यावर मासे विकणाऱ्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. त्यांना स्फोटाचं काही वाटलं नाही. त्या दीपकच्या हातांकडे बघत होत्या.

"कुणाची सून गो ही?" त्यातली हौसा म्हणाली. "हिरवा चुडा शोभतो हो!"

"अहो, काही फुगलेलं नाही!" दीपक कळवळून सांगत होता. "वाढला म्हणजे बंद पडला!" पण हातात चुडा आणि खांद्यावर शाल असलेल्या माणसाचं कोण ऐकतो?

भागोजीने मात्र धीर सोडला नाही. फुगलेल्या वस्तूला गारवा द्यावा, एवढं त्याला बर्फाच्या कोठीवरच्या जुन्या नोकरीने शिकवलं होतं. तो नाकाला रुमाल बांधून आत धावला, यूपीएस हिसडा मारून ओढून काढला, छातीशी धरून कोठीत नेला आणि पापलेटांच्या क्रेटमध्ये बर्फात पुरला. वरून आणखी दोन घमेली बर्फ ओतला.

"झाला थंड!" तो अभिमानाने परत आला. "पण मेली वायर नाय आली. पाटाखाली अडकलेली, तुटली."

सगळ्यांनी हुश्श केलं. दीपकने केलं नाही. त्याचे कान टवकारले.

वायर पाटाखाली का अडकली होती? पाटाला खाली पाय असतात, वायर त्याखालून आरामात जाते. आणि दुसरं, यूपीएस आता बर्फात. मग दारातून अजून खवट वास का येतोय?

साहेब "गोताड, आत जाऊ नका" म्हणेपर्यंत दीपक टेबलाखाली शिरलासुद्धा होता. त्याने पाटावर हात दाबला. पाट एका बाजूला कलला आणि त्याची कड खालच्या वायरीवर टेकली. हात काढला, कड उचलली गेली. पुन्हा दाबला, पुन्हा टेकली. म्हणजे काशीताईंनी पाय ठेवले की वायर ओढली जायची, पिन सैल व्हायची! बाकी सगळ्यांचे पाय जमिनीला टेकतात, पाटाला लावतो कोण? दीपकला असा आनंद झाला की विचारू नका. आठ दिवसांचं कोडं सुटलं होतं! आता फक्त एवढंच राहिलं होतं, की चांगला सपाट पाट कलतो कशामुळे?

त्याने पाट उचलला.

खाली नारळाचं भकल होतं. पालथं, काळपट, बुरशीने हिरवं झालेलं. दीपकने ते लगेच ओळखलं. एका फटक्यात केलेल्या दोनांतलं दुसरं!

ते परत तिथेच ठेवावं आणि 'कारण कळलं नाही' म्हणावं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण डोळ्यांसमोर कीबोर्ड पुसणाऱ्या काशीताई आल्या. तो टेबलाखालून रांगत निघाला आणि एका हातात भकल, दुसऱ्यात पाट घेऊन रस्त्यावर आला.

"राखणदारानं परत दिलान!" भागोजी ओरडला.

काशीताईंनी भकलाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग दीपककडे. काही सांगावं लागलंच नाही.

"म्हणजे मला झेपत होतं रे!" त्या म्हणाल्या, आणि भर रस्त्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, बघितलंत? मला झेपत होतं!"

साहेब ओशाळले. "चुकलं माझं, ताई. कॉम्प्युटर तुमचाच." मग आवाज बदलला. "हा नारळ फोडला कोणी?"

"फोडला म्हणू नये, साहेब," काशीताईंनी डोळे पुसत दुरुस्ती केली. "वाढवला म्हणावं."

"आणि तो यूपीएस बर्फात घालून बिघडला, त्याला काय म्हणायचं?"

"तोपण वाढलाच म्हणायचा. चांगली वस्तू सरली, मोडली, बंद झाली, की वाढली."

"असं का!" साहेबांनी मान डोलावली. शब्द त्यांना फारच आवडलेला दिसला.

संध्याकाळी निघताना साहेबांनी दीपकला हाक मारली. चेहरा अगदी प्रसन्न होता.

"गोताड, सोमवारपासून तुमचं इथलं टेबल वाढवलंय."

दीपक तरंगतच घरी गेला. मारुती मंदिराजवळून पेढे घेतले. साबण आणि खोबरेल लावून दिशा त्याच्या बांगड्या काढत होती, तेव्हा त्याने बातमी सांगितली. टेबल वाढवलं! शोध लावणाऱ्या माणसाची कदर झाली!

दिशाचा हात थांबला. "वाढवलं म्हणजे मोठं केलं, की..."

"अगं, साहेब सांगलीचे! त्यांना आपलं 'वाढवणं' कुठलं कळायला!" दीपक म्हणाला, आणि त्याने आणखी एक पेढा तोंडात टाकला.

सोमवारी सकाळी तो ऑफिसात शिरला, तर त्याच्या टेबलाच्या जागी मोकळी फरशी होती. काशीताई कॉम्प्युटरवर खटाखट टाइप करत होत्या. भागोजीने कोठीच्या दिशेने बोट दाखवलं.

कोठीत टेबल होतं, खुर्ची होती, आणि खाली बर्फाचं गार पाणी वाहत होतं. दीपक पाय वर घेऊन बसायच्या बेतात होता, तेवढ्यात मागून काशीताई आल्या. काखेत पाट होता.

"घे. माझ्यासाठी दुसरा आणलाय. पाण्यात पाय ठेवू नको रे, दुखतील."

दीपकने दोन्ही हातांनी पाट घेतला, खाली ठेवला, बसला. मग पुन्हा उठला आणि पाट उचलून खाली नीट बघून घेतलं.