अठरा दिवसांचं खोकं

ढालवाल्यांना माल द्यायला एकवीस दिवस लागतात आणि त्यांच्या साडूला तीन, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. बाजाराचं एक वेळ सोडा, ते ढालवाल्यांच्या बायकोला माहीत होतं. साडू मागच्याच गल्लीत पुठ्ठ्याची खोकी बनवायचा. "भाऊजींनी म्हणे काल सांगितलेला माल आज पोचवला," असं ती जेवताना अगदी सहज म्हणायची आणि ढालवाल्यांचा घास तिथेच अडायचा. पुठ्ठा कापायला अक्कल लागत नाही, बक्षिसाची ढाल कोरायला लागते, हे त्यांनी तिला कितीदा तरी समजावलं होतं. ती मान डोलवायची, पण पटल्यासारखी नाही.

अशात क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा निरोप आला. दोनशे ढाली, आठ दिवसांत. जमत नसेल तर यापुढचं सगळं काम दुसरीकडे. मंडळ म्हणजे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ते गेलं की बाकीचे कशाला थांबतील? आणि साडूला कळलं तर तो सहानुभूती दाखवायला घरी येणार, हे तर त्याहून वाईट. ढालवाल्यांनी छातीठोकपणे होकार कळवला.

मग माणूस पेटलाच. दोनशे ढालींना पुरेल एवढा पितळी पत्रा नव्हता, तो त्यांनी स्वतः जाऊन दुपारपर्यंत आणला. लाकडी पाट्यांना आधीच रंग देऊन ठेवला, नावांची यादी फोनवरच मागवली, कारागिरांची टेबलं फिरवून अशी लावली की ढाल हातोहात पुढे सरकावी. तिसऱ्या दिवशी दोनशेच्या दोनशे तयार. त्यांनी बायकोला मुद्दाम दुकानात बोलावून घेतलं. तिने सगळं पाहिलं आणि विचारलं, "मग पाठवत का नाही?"

पाठवणार कशात? खोकी यायची होती. दुकानात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा ढाली घरी आल्या. खुर्च्या भरल्या, पलंग भरला. पहाटे ढालवाल्यांना जाग आली तेव्हा त्यांच्या नाकासमोर 'द्वितीय क्रमांक' होता. ते कूस बदलून पडले, तर तिकडेही तोच.

कॉलेजात जाणारी मुलगी शेवटी जुन्या ऑर्डरींचे कागद घेऊन बसली. घोडं नेमकं पेंड खातंय कुठे, ते तिला बघायचं होतं. अर्ध्या तासात निकाल लागला. नेहमीच्या छोट्या ऑर्डरींच्या ढाली बनायला तीन दिवस आणि खोक्यांची वाट बघायला अठरा.

"बाबा, खोकी चारशे किलोमीटरवरून का मागवतो आपण?"

ढालवाले एका ढालीवरची न दिसणारी धूळ पुसू लागले. उत्तर बायकोनेच दिलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा कोणाच्या हातचा, ते तुला माहीत आहे."

मत्सर माणसाला काय काय करायला लावतो बघा. पाचव्या दिवशी ढालवाले शेजारच्या शिंप्याच्या पाया पडायचेच बाकी राहिले. मापं लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हाती दिली आणि साडूकडून दोनशे खोकी त्याच्या, म्हणजे शिंप्याच्याच नावाने आणायला सांगितलं. शिंपी परत आला तो हसतच. साडूने चिठ्ठी वाचली होती आणि एकही प्रश्न विचारला नव्हता.

दोन तासांत टेम्पो येऊन थांबला, तोही शिंप्याच्या नव्हे, ढालवाल्यांच्या दारात. साडू स्वतः उतरला. खोकी मापात चोख, आणि प्रत्येकावर ढालवाल्यांच्या दुकानाचं नाव ठसठशीत छापलेलं. ढालवाल्यांनी एक खोकं उलटंपालटं करून खोट शोधली. ती सापडेना, त्याने त्यांचा जीव आणखीच जळला.

"एवढ्यात छापून झाली?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यात कुठली? मेहुणीने चार वर्षांपूर्वी माप दिलं होतं. म्हटलं, आज ना उद्या मागाल, म्हणून करून ठेवली." साडूने घाम पुसला. "आमच्याकडची एवढीच एक डिलिव्हरी रखडली बघा."

सहाव्या दिवशी माल पोचला. सेक्रेटरीबाईंचा लगेच फोन आला, पुढच्या वर्षीचं कामही पक्कं म्हणून. ढालवाले फुलले.

"ढाली नेहमीसारख्याच आहेत," बाई म्हणाल्या, "पण खोकी काय सुरेख आहेत हो! सगळे विचारताहेत, कोणाकडची?"

बायको दारातच उभी होती. ढालवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. "घरचीच आहेत आमच्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"हे भाऊजींना सांगू?"

"सांग की. पण एवढी काय घाई आहे?"

तिने तोवर फोन लावलासुद्धा होता.