फॉर्ममधले पाच शब्द

सोमवारी लिफ्ट बंद पडली. स्टोअरकीपरकाकांचं स्टोअर चौथ्या मजल्यावर, आणि त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. जिना चढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तक्रार कॉम्प्युटरवरच करायची. तिथे पाच इंग्रजी शब्द, त्यातला एक निवडायचा. ‘बंद आहे’ असं साधं लिहायची सोयच नाही. काकांनी पहिला निवडला, आउट ऑफ ऑर्डर. अर्ध्या तासात एक माणूस लिफ्टवर लाल पाटी लावून गेला आणि तक्रार मिटली. काका कसेबसे चार मजले उतरून मेंटेनन्सच्या मॅडमकडे गेले.

“आउट ऑफ ऑर्डरला पाटीच देतो आम्ही,” मॅडम म्हणाल्या. “मिळाली ना पाटी?”

“मिळाली. पण लिफ्ट?”

“ते तुम्ही कुठे लिहिलंय?”

मंगळवारी काकांनी डाउन निवडलं. ती तक्रार गेली कॉम्प्युटरवाल्याकडे. त्याने फोनवर सांगितलं, बंद करून परत चालू करा. काका म्हणाले, ती बंदच आहे हो. तो म्हणाला, मग अर्धं काम झालंय. बुधवारी जॅम. त्याला तेलाची बाटली घेऊन माणूस आला. आता बंद लिफ्टची दारं लोण्यासारखी उघडत होती.

गुरुवारी गुडघा टम्म सुजला. काकांनी चिडून डेड दाबलं.

शुक्रवारी दोघंजण टेप घेऊन आले आणि लिफ्टची मापं घ्यायला लागले. डेड माल भंगारात जातो, मंगळवारी गाडी येईल, असं म्हणाले. मापं घेताना एकाने बटणांच्या पाटीवर थाप मारली. दिवा लागला, दारं मिटली आणि तो सरळ चौथ्या मजल्यावर काकांसमोर येऊन थांबला.

“अहो, चालते की ही,” काका म्हणाले.

“चालू दे. कागदावर डेड आहे ना?”

काका लिफ्टने खाली मॅडमकडे. चालू झाली असं लिहा म्हणाले. मॅडमनी फॉर्म वरखाली बघितला. चालूसाठी त्यात शब्दच नव्हता, कारण चालू वस्तूची तक्रार कोण करणार. गोंधळल्या बिचाऱ्या. मग हळूच म्हणाल्या, “दुसरी तक्रार उघडी असेल तर भंगारवाले हात लावू शकत नाहीत. एक शब्द उरलाय बघा.”

तो होता स्टक. त्याला आत अडकलेल्या माणसाचं नाव लागतं. काकांनी स्वतःचं घातलं.

पाच मिनिटांत लिफ्टचा मेकॅनिक धापा टाकत आला. एवढ्या दिवसांत खरा मेकॅनिक पहिल्यांदाच दिसला. त्याने लिफ्ट नीट तपासली, वायर घट्ट केली, आणि शोधत शोधत स्टोअरमध्ये पोचला. काका खोकी मोजत होते.

“तुम्ही आत अडकलाय ना?”

“कागदावर.”

“मग सुटलो म्हणून सही करा.”

काकांनी सही केली नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. काका रोज लिफ्टने वर जातात, लिफ्टने खाली येतात. परवा घरी जेवताना बायको म्हणाली, “ऑफिसातून फोन होता. तुम्ही लिफ्टमध्ये अडकलाय म्हणे. पाणीबिणी पाठवू का विचारत होते.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, समोर बसून भात खातायत. ते म्हणाले, तसं लेखी द्या.”

काकांच्या हातातला घास तिथेच राहिला.

“दिलंस?”

“छे. त्या फॉर्ममध्ये भात खाण्याला शब्दच नाहीये.”

काकांनी घास तोंडात घातला आणि आणखी थोडा भात मागितला.