बाई आज गाय आहेत

सकाळी दहा ते बारा या वेळात बसम्माबाई बसम्माबाई नसत. कधी पोस्टमन असत, कधी डॉक्टर, कधी भाजीवाली. त्या वेळात कुणी 'बाई' म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नसत.

सत्तरच्या दशकात सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका बालवाडीत मी त्यांच्या हाताखाली नवी लागले होते. पोरं साडेतीन-चार वर्षांची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कानडी, कुणाच्या दखनी, उरलेल्यांची मराठी. बाई स्वतः जेमतेम मॅट्रिक. पण पोरांना इंग्रजी शिकवायच्या, तेही सोंगं काढून. नवऱ्याचा जुना खाकी कोट चढवून दारात उभ्या राहायच्या. "लेटर फॉर यू." पोरानं "थँक्यू" म्हटल्याशिवाय पत्र हातातून सुटायचं नाही.

मी एकदा विचारलं, "बाई, आधी एबीसीडी नको का?"

"तू बोलायला शिकलीस तेव्हा आधी ग म भ न गिरवलंस की काय?"

एका गुरुवारी त्या गाय झाल्या होत्या. अंगावर पांढरी चादर घेऊन रांगत होत्या आणि नेमके संस्थेचे अध्यक्ष आले.

"बाई कुठायत?"

"बाई न्हाईत," एक पोरगी म्हणाली. "काऊ हाय."

अध्यक्षांनी चादरीकडे पाहिलं. "बसम्माबाई, उठा. पालक तक्रार करतात ते खोटं नाही तर. उद्यापासून पाटीवर एबीसीडी, नाहीतर मी दुसरी बाई बघतो."

मी चादर ओढली, तरी बाई उठेनात. वाकून बघितलं तेव्हा कारण कळलं. समोर पद्मा बसली होती. विणकराघरची ही पोर तेलुगूशिवाय काही जाणत नव्हती, आणि चार महिन्यांत बालवाडीत तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं डब्यातला भाकरीचा तुकडा गायीपुढे धरला.

"ईट, काऊ." मग जरा थांबून, "प्लीज."

बाईंनी भाकरी खाल्ली. अध्यक्ष दाराकडे वळले. "चालू द्या," म्हणाले आणि चपला घालून गेले.

पोरं घरी गेल्यावर चादर झटकताना मी विचारलं, "पण इंग्रजीच का, बाई?"

"ती कुणाच्याच घरची न्हाई की. सगळीच चुकतात. मग कोण कुणाला हसणार?"

मग आपणहून सांगू लागल्या. माहेर अक्कलकोटकडचं, कानडी. तेराव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या मराठी बोलणाऱ्या घरात.

"माणसं वाईट नव्हती. पण मी तोंड उघडलं की हसायची. वर्षभर गप्प होते."

"कुणाशीच बोलला नाहीत?"

"बोलायची की. न्हाणीत, माझी मीच." बाईंनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "अंगावर पाणी ओतत ओतत बोलायचं, म्हणजे बाहेर ऐकू जात न्हाई. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सुनेला अंघोळीला लई वेळ लागतो."