चंद्रभान सवाराचा तमगा

सगळं झालं त्या कोटामुळं. कोट पेटीतून काढलाच नसता, तर चंद्रभानची अब्रू निदान पोखर्णीच्या शिवेच्या आत तरी राहिली असती.

पण परभणीला निजाम सरकारचा दरबार भरणार होता. मोठ्या लढाईवर जाऊन आलेल्या सवारांनी वर्दी घालून, छातीवर तमगे (म्हणजे पदकं) लावून हजर व्हावं, अशी दवंडी गावोगाव फिरली होती. आणि चंद्रभान लढाईला गेलेला माणूस! थेट मिसर देशात, सुएझच्या कालव्यावर. (तिथं त्यानं नेमकं काय केलं, ते विचारू नका. बराच वेळ घोड्यांना पाणी पाजण्यात गेला. पण ते पाणी गोळ्या सुटत असताना पाजलेलं होतं, हेही खरं.) त्यानं खाकी कोट काढला, त्यातला लिंबाचा वाळका पाला झटकला, अंगात घातला आणि बायकोपुढं ताठ उभा राहिला.

कस्तुराबाईनं वरून खाली बघितलं. म्हणाली, "कोट चांगला हाय. पर छाती लय रिकामी दिसायलीय."

झालं! चंद्रभानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रिकामी दिसंल न्हाई तर काय? माझा तमगा त्या बन्सीधरनं गिळला!"

हा बन्सीधर शेजारच्या गावचा. दोघं एकाच रिसाल्यात, एकाच तंबूत. वाळवंटात चंद्रभान तापानं फणफणला, तेव्हा बन्सीधरनं आपल्या वाट्याचं पाणी त्याच्या तोंडात ओतलं होतं. लढाई संपली, दोघं घरी आले, आणि पुढं काही वर्षांनी हैदराबादहून निरोप आला की तमगे आलेत, घेऊन जा. ऐन कापूस वेचणीचे दिवस. बन्सीधर म्हणाला, "तू कशाला येतूस, मी दोगांचे आनतो." गेला, दोन डब्या घेऊन आला, आणि एक चंद्रभानच्या घरी देऊन आला. म्हणजे तो तसं सांगत होता.

चंद्रभान त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन परभणीला गेलेला. कस्तुराबाई बाळंतपणाला माहेरी. घरात एकटी म्हातारी आई, तानुबाई. बन्सीधरनं बाजारात "तमगा पोचला का?" म्हणून विचारलं, तेव्हा चंद्रभाननं घरी येऊन आईला विचारलं, "आई, बन्सीधर काई देऊन गेला का?"

"कोन बन्सीधर? कुनी आलं न्हाई बा. आपल्याकडं फकस्त देव आला."

देव आला, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं. भर दुपारी एक दाढीवाला माणूस दारात आला आणि खंडोबाचा चांदीचा टाक म्हातारीच्या हातावर ठेवून गेला. तिला कमी दिसायचं, पण टाकावरचा घोडा दिसला, घोड्यावरचा तलवारवाला दिसला, आणि घोड्याच्या पायाखाली राक्षसाचं मुंडकंसुद्धा दिसलं. घराण्याचं कुलदैवतच! मागच्या बाजूला आणखी एक डोकं होतं. तो देवाचा हेगडी प्रधान, असं म्हातारीनं ठरवून टाकलं. टाकाला वर एक कडी होती, ती तिनं सोनाराकडून उडवून घेतली. (देवाला कडी कशाला?) मग टाक देवघरात बसला, चंद्रभाननं जागरण घातलं, गावाला पुरणपोळ्यांचं जेवण दिलं. तेव्हापासून आजतागायत रोज सकाळी ओल्या धोतरानं तो त्या टाकाला हळद वाहत होता आणि हात जोडून म्हणत होता, "देवा, माझा तमगा सापडू दे."

(तुमच्या ध्यानात आलं असेल. चंद्रभानच्या पंधरा वर्षांत आलं नाही.)

आई खोटं बोलत नाही, म्हणजे बन्सीधर खोटं बोलतो. हा हिशेब इतका सरळ होता की चंद्रभाननं भर बाजारात त्याला चोर म्हटलं. बन्सीधरनं पोराची शपथ घेतली. चंद्रभान म्हणाला, "चोराच्या शपथेला कोन इचारतो?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढं म्हातारी वारली. बन्सीधर गंगाखेडच्या कचेरीत दरवान झाला, छातीवर तमगा लावून दारात उभा राहायला लागला. चंद्रभान तिथं कामाला गेला तरी त्याच्याकडं बघायचा नाही.

तर कोट घालून चंद्रभान तडक अर्जनवीसाकडं गेला. म्हणाला, "सरकारच्या दफ्तरात माझा तमगा दिलेला म्हणून लिवलाय. ते चूक हाय. ते दुरुस्त करा आन् मला नवा तमगा द्या."

"मग जुना गेला कुठं?"

"बन्सीधरनं चोरला."

अर्जनवीसाला एवढं बास होतं. त्यानं उर्दूत असा अर्ज ठोकला, की बन्सीधर म्हणजे सरकारचा, रिसाल्याचा आणि हिंदुस्थानचा दुश्मन. चंद्रभानला उर्दू येत नव्हतं, पण ऐकायला भारी वाटलं. त्यानं खुशीत अंगठा केला.

महिन्याभरात हैदराबादहून चौकशीला एक म्हातारे रिसालदारसाहेब आले, आणि त्यांच्यामागं मान खाली घालून बन्सीधर. सगळं गाव चंद्रभानच्या ओसरीवर गोळा झालं. रिसालदारसाहेब घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "चंद्रभान, सोचून बोलना. चोरी साबित झाली तर इसकी नोकरी जाएगी, आणि जेल भी होगी."

बन्सीधरनं मान वर केली. दाढी पार पांढरी झाली होती. चंद्रभानला एकदा वाटलं, जाऊ द्या म्हणावं. पण गाव बघत होतं, आणि अंगात कोट होता.

"सोचूनच बोलायलोय सायेब. चोर हाय त्यो."

"सायेब," बन्सीधर हात जोडून म्हणाला, "मी डबी याच्या मायच्या हातात दिली. तिनं उघडून बघितली आन् चटदिशी माझ्या पाया पडली. मी म्हनलं, माय, असं काय करायलाव? तर म्हनली, देवा, दूध पिऊन जा. मला भूक लागली व्हती. पिलो."

सगळी ओसरी हसली. चंद्रभान सगळ्यात मोठ्यानं हसला. "माझी माय याच्या पाया पडंल व्हय!"

रिसालदारसाहेबांनी आपल्या छातीवरचा तमगा काढला, उलटा करून तळहातावर ठेवला आणि सगळ्यांपुढं धरला. "ऐसाच था ना?"

दाराआड उभ्या कस्तुराबाईनं मान पुढं काढली.

"अवो," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"सायबाच्या हातात आपला खंडोबा हाय."

"गप बस. चौकशी चालू हाय."

"गप काय बसा? घोडा हाय. खाली मुंडकं हाय. फकस्त हळद न्हाई."

चंद्रभाननं बघितलं. रोज हळद वाहिलेला, रोज पाया पडून घेतलेला घोडा. तोच. दुसऱ्यांच्या छातीवर राजाचं डोकं वर असायचं, घोडा कोटाकडं असायचा, म्हणून तो कधी दिसलाच नव्हता. ओसरीवरचा एक एक माणूस हसायचा थांबला, आणि तेच चंद्रभानला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कस्तुराबाई आत गेली आणि ताम्हनात टाक घेऊन आली. रिसालदारसाहेबांनी आधी जोडे काढले. म्हणाले, "माँजी, आपही पकडो. मैं दूरसे देखता." तिनं चिंचेनं टाक घासला. हळदीचा थर निघाला आणि मागून हेगडी प्रधानाच्या जागी इंग्लंडचा राजा बाहेर आला. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. साहेबांनी चष्मा लावून, हात न लावता वाकून ती वाचली, थांबले, परत वाचली.

"ये तमगा चंद्रभान का नहीं. इसपर बन्सीधर का नाम है."

मग बन्सीधरच्या छातीवरचा तमगा बघितला. त्यावर चंद्रभान. डब्या सारख्याच, दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं, बन्सीधरनं हाताला लागली ती दिली होती.

बन्सीधरनं छातीवरचा तमगा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि चंद्रभानपुढं धरला. "घे बाबा. तुझा हाय."

चंद्रभानचा हात उचलेना. ज्या माणसानं वाळवंटात आपल्याला पाणी पाजलं, त्याला आपण तुरुंगात घालायला निघालो होतो. तेही कोटाची छाती भरायला. तो बन्सीधरच्या पायाशी वाकला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याच छातीवर. तमगा घ्यायचं तोंड न्हाई मला."

"मग मला माझा तरी दे," बन्सीधर म्हणाला.

"जमायचं न्हाई!" कस्तुराबाई ताम्हन छातीशी धरून मागं सरली. "जागरण घातलेला देव हाय. असा कुनाच्या कोटाला टांगायला द्यायची न्हाई मी."

रिसालदारसाहेबांनीही मान डोलवून कागद आवरले. दफ्तर बरोबरच होतं, दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. दरबारात बन्सीधर पुढच्या रांगेत चंद्रभानचं नाव छातीवर लावून उभा राहिला, आणि चंद्रभान मागं गर्दीत, कोटाशिवाय.

आता दोघांचं बोलणं पहिल्यासारखं आहे. बन्सीधर दर रविवारी सकाळी येतो, दूध पितो आणि देवघरासमोर मांडी घालून बसतो. चंद्रभान आंघोळ करून येतो, बन्सीधरचं नाव असलेल्या टाकाला हळद वाहतो, डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकवतो. आणि मागून बन्सीधर हात वर करून म्हणतो, "असू दे, असू दे. सुखी ऱ्हा."