ड्रॉवरमधले पाच सेंटिमीटर

मी चुका करत नाही. ही फुशारकी नाही, मोजून सांगते आहे. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात सगळ्यांना किरणांपासून सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, आणि एकोणीस वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही बॅजवर नको तेवढा आकडा आला नव्हता.

बॅज म्हणजे काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. विभागातल्या प्रत्येकानं ती कामावर असताना छातीशी लावायची. अंगावर किती किरण पडले ते ती गुपचूप मनात साठवत राहते, नणंदेसारखी, आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत गेली की सगळं सांगून मोकळी होते. काम संपलं की बॅज भिंतीवरच्या फळ्याला अडकवायचा आणि मोकळ्या छातीनं घरी जायचं. नियम चौथा : बॅज घरी नेऊ नये. ही नियमावली मीच लिहिली आहे. खाली सही माझी आहे.

आता माझी पाळी दोनला संपते, आणि त्या फळ्याचं असं होतं की दुपारी तीन ते साडेचार त्याच्या शेवटच्या खिळ्यावर ऊन यायचं, आणि शेवटचा खिळा माझा. उन्हात तापलेला बॅज साठवलेल्यातलं थोडं विसरतो. खिळा बदलता आला असता, पण खिळ्यांना नंबर आहेत आणि ते नंबरही मीच घातलेत. फळा हलवावा म्हणून मी तीन पत्रं लिहिली. सुतार आला नाही. शेवटी सुतार येईपर्यंतची सोय म्हणून मी माझा बॅज घरी न्यायला लागले. नियम निष्काळजी माणसांसाठी असतात. मी तो अधिक काळजीपोटी मोडत होते. प्रत्येक निष्काळजी माणूस नेमकं हेच म्हणतो, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

घरी बॅज ठेवायला अंधारी, थंड, कोरडी आणि कुणाचा हात न लागणारी जागा हवी होती. आमच्या घरात अशी जागा एकच. नवऱ्याचं घड्याळांचं कपाट.

माझा नवरा शाळेत इतिहास शिकवतो आणि जुनी मनगटी घड्याळं जमवतो. त्यातही सैन्यातली. वैमानिकाचं, तोफखान्यातलं, पाणबुड्याचं. ती ठेवायला त्यानं स्वतःच्या हातानं कपाट बनवलंय. आतून मखमल, कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, दाराला कुलूप. बावीस वर्षांच्या संसारात मला इतकं जपून कुणी ठेवलेलं नाही.

घड्याळं नऊ. दहावं आणायचं नाही असं आमचं ठरलं होतं, कारण प्रत्येक नव्या घड्याळाबरोबर एक नवी गोष्ट घरात येते आणि ती ऐकायला मीच असते. "हे बघ, याच्या पाठीवर नंबर कोरलाय. म्हणजे हे ज्याच्या हातावर होतं तो..." मी 'हं' म्हणते. माझा 'हं' इतका सरावाचा झालाय की तो त्याला ऐकणं समजतो.

तर रोज कामावरून आले की मी कपाट उघडायचे, ड्रॉवर ओढायचे, नऊ घड्याळांच्या मधोमध मखमलीवर बॅज आडवा ठेवायचे आणि कुलूप लावायचे. तीन महिने. एक दिवस चुकले नाही.

सोमवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सगळ्यांच्या नावापुढे शून्य किंवा शून्याच्या आसपास. माझ्या नावापुढे बारा मिलिसिव्हर्ट.

तीन महिन्यांत दहाच्या वर आकडा गेला की चौकशी बसते. चौकशी संपेपर्यंत संशयित यंत्र बंद. हाही नियम मीच तोंडपाठ म्हणून दाखवला.

"म्हणजे माझं मशीन बंद करणार?" काका म्हणाले. काका आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. पूर्वी अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुवायचे. फिल्मा गेल्या, अंधारी खोली गेली, काका आणि त्यांचं सव्वीस वर्षांचं मशीन राहिलं. रोज सकाळी ते त्याला स्वतःच्या पंच्यानं पुसतात.

"काका, कुठूनतरी गळती असणार."

"मॅडम, माझं मशीन गळत नाही. माझ्या घरचा नळ गळतो, छप्पर गळतं, मशीन नाही."

"मग बारा आले कुठून?"

"ते तुम्ही शोधा. तुम्ही शिकलेल्या."

मोठे डॉक्टर मात्र शांत होते. त्यांना ते मशीन गेली पाच वर्षं काढून टाकायचं होतं. "गुरुवारी तपासनीस येताहेत," ते म्हणाले. "तोपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मशीन भंगारात. बरंच झालं म्हणायचं."

काकांनी पंच्याची घडी घातली आणि मशीनवर ठेवली, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी.

सोमवारी आणि मंगळवारी मी भिंती मोजल्या, दार मोजलं, दाराची फट मोजली, शिशाचे ॲप्रन उजेडात धरून त्यांना भेगा शोधल्या. काहीच नाही. मशीन काका म्हणत होते तसंच होतं, धुतल्या तांदळासारखं. माझं रक्त तपासलं, तेही उत्तम. पण बातमी मात्र तोवर सगळ्या मजल्यांवर पोचली होती. चहावाला माझा कप टेबलावर ठेवून फूटपट्टीनं पुढे सरकवू लागला. लिफ्टमध्ये मला एकटीला जागा मिळू लागली. सफाईवाल्या मावशींनी मायेनं विचारलं, "मॅडम, दिवे गेले की तुम्ही दिसता का हो?"

बुधवारी मी ठरवलं, मुळापासून सुरुवात करायची. मोजणीचा पहिला धडा असा की जिथे काहीही नाही अशी खात्री आहे तिथे आधी मोजावं, म्हणजे तुलना करता येते. अशी खात्रीची जागा मला एकच माहीत होती. मी मोजणीयंत्र पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

ते यंत्र किरण सापडला की टिक् म्हणतं. कुठेही थोडे टिक् येतातच. दगडविटांमध्येही किंचित किरण असतात. आमच्या बैठकीत ते निवांत टिकटिकत होतं. मी ते सासूबाईंजवळून नेलं.

"माझ्यापाशी ते जास्त बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमच्यापासून धोका नाही, आई."

"हे यंत्रानं सांगावं लागलं होय तुला?"

मी आतल्या खोलीत वळले. आणि कपाटाशी गेल्याबरोबर ते यंत्र पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसं वाजायला लागलं.

मी मागे आले. टिक्. टिक्. पुढे गेले. वाटाणे. मागे. टिक्. असं चार वेळा केलं, कारण एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो. मग कुलूप काढलं. नवरा वह्या तपासत बसला होता, तो उठून आला.

"अगं, ते रेडियम," तो म्हणाला. "आकड्यांवर लावलेलं असायचं. अंधारात वेळ दिसावी म्हणून. मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"दोनदा. तू 'हं' म्हणालीस."

सायकलच्या मागच्या लाल पट्टीलाही आपण रेडियम म्हणतो. हे ते नव्हे. हे खरं रेडियम. त्याच्या जोडीचा चमकणारा रंग काही वर्षांत मरतो आणि आकडे विझून तपकिरी पडतात. रेडियम मात्र हजारो वर्षं तिथेच बसून काम करत राहतं, कुणी बघत नसलं तरी. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि मी तीन महिने माझा बॅज रोज त्याच्या कुशीत निजवत होते.

मी खुर्चीत बसले. माझ्या डोळ्यांपुढे मखमल नव्हती, काकांच्या पंच्याची घडी होती.

"वाईट झालं का?" नवऱ्यानं विचारलं.

"थांब. हिशोब करू दे."

हिशोब केला की मला बरं वाटतं. नऊ घड्याळं एकेक करून यंत्रापुढे धरली. दोन गप्प, सात बोलकी. सातांचा मिळून जोर, बॅजपासूनचं अंतर, तीन महिन्यांत बॅज ड्रॉवरमध्ये किती तास होता, सगळं कागदावर मांडलं. उत्तर आलं तीन.

"तीनच येताहेत," मी म्हणाले.

"मग चांगलंच की."

"बॅजवर बारा आहेत."

नवरा खिडकीबाहेर बघू लागला. आमच्या खिडकीबाहेर समोरच्यांची भिंत आहे.

"बारातून तीन गेले, नऊ उरले," मी म्हणाले. "सात घड्याळांचे तीन, तर नऊ यायला आणखी वीस-एकवीस घड्याळं लागतील. तीही बॅजच्या जवळपासच."

"तुझं यंत्र जुनं झालं असेल."

मी फूटपट्टी आणली. ड्रॉवरची उंची बाहेरून मोजली : बारा सेंटिमीटर. आतून मोजली : सहा. तळाच्या फळीचा एक सेंटिमीटर धरला.

"पाच सेंटिमीटर कुठे गेले?"

 इतिहासाच्या माणसाला पुरावा समोर आला की कळतो. त्यानं मखमलीचं टोक उचललं, खाली लपवलेली दोरी ओढली, आणि तळ वर आला. खाली आणखी मखमल, आणखी घड्याळं. माझा बॅज जिथे ठेवायचे तिथे बरोबर खाली एका नौदलाच्या घड्याळाची तबकडी होती, बशीएवढी.

"किती आहेत?"

"असतील वीसच्या आसपास."

मी मोजली. एकवीस. खरं सांगते, त्या क्षणी मला राग यायला हवा होता, पण आधी आला तो आनंद. गणित बरोबर आलं होतं. राग नंतर आला, आणि तोही बाहेरून आलेल्या एका वाक्यामुळे थोडा फिसकटला.

"सापडली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पार्सलं कोण घ्यायचं मग? तू कामावर, तो शाळेत."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला गेलं की तू 'हं' म्हणतेस."

एक साधी सुटका मला दिसत होती, हे कबूल करते. 'कारण सापडले नाही' असं लिहायचं. एकोणीस वर्षांचा कोरा कागद कोरा राहिला असता. मशीन तर जायचंच होतं, आज ना उद्या. मी पेन उघडून पाच मिनिटं बसले. मग बॅज, फूटपट्टी आणि नौदलाचं घड्याळ डब्यात घालून गुरुवारी सकाळी इस्पितळात गेले.

तपासनीस, मोठे डॉक्टर आणि काका समोर बसले. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ऊन, खिळा, सुतार, मखमल, पाच सेंटिमीटर. तपासनीसांनी नियमावली मागितली. चौथा नियम वाचला. मग खालची सही वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"अच्छा," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होते.

ठपका माझ्यावर आला, मशीनवर नाही. एकोणीस वर्षांनी आमच्या विभागाच्या कागदावर पहिला शेरा पडला, आणि त्यात नाव होतं फक्त माझं. मोठे डॉक्टर जरा हिरमुसले. काकांनी पंचा झटकला, मशीन पुसायला घेतलं, आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "मॅडम, मी म्हटलं होतं ना."

"हं," मी म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केलं. "हो काका. म्हटलं होतंत."

सुतार त्याच दुपारी आला. फळा दहा मिनिटांत हलला.

तीसही घड्याळं आता गॅलरीतल्या पत्र्याच्या कपाटात असतात, हवेशीर, घरातल्यांपासून लांब. कपाटावर मी इस्पितळात लावतो तसला पिवळा इशारा चिकटवला. मला वाटलं होतं नवऱ्याला त्याची लाज वाटेल. तो पाहुण्यांना घड्याळांच्या आधी इशारा दाखवतो. मी हल्ली त्याच्या गोष्टी मन लावून ऐकते, निदान एकतिसाव्याचा उल्लेख येतो का हे पाहण्यापुरतं तरी.

आणि आमच्या नियमावलीत तपासनीसांच्या हुकमावरून एक नवा नियम आलाय. नियम अकरावा : बॅज घड्याळांच्या कपाटात ठेवू नये. कामाला लागलेला प्रत्येक नवा माणूस तो वाचून थांबतो आणि विचारतो, असं कोण करेल?

काका मग हातातलं काम बाजूला ठेवतात, त्याला खुर्ची देतात, आणि सुरुवातीपासून सांगतात.